भाराभर चिंध्यांच्या बाजूने

तलवार आणि मंत्र दोन्ही बाळगणारं पात्र निवडलं की टेबलावरचे जुने खेळाडू नाक मुरडतात. कुणी तमिळमध्ये मुरडतं, कुणी इंग्रजीत. मराठीत त्यासाठी तयार म्हणच आहे: एक ना धड, भाराभर चिंध्या. धड लढवय्या हो, नाहीतर धड जादूगार हो. दोन्ही व्हायला गेलास तर दोन्हीकडे कच्चा राहशील. हा लेख त्या म्हणीविरुद्ध आहे.

ज्यांनी हे खेळ कधी पाहिलेच नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणि त्याच्या वंशातले खेळ टेबलाभोवती बसून, बोलून खेळायचे असतात. एक जण जग रचतो आणि संकटं सांगतो, तो डंजन मास्टर. बाकीचे एकेक पात्र होतात आणि आपण काय करणार ते सांगतात. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. प्रत्येक पात्राला एक ‘क्लास’ असतो: लढवय्या, जादूगार, चोर, पुजारी वगैरे. तलवार चालवता चालवता मंत्र टाकणाऱ्या पात्रासाठी खेळाडूंमध्ये ‘गिश’ असा शब्द रूढ आहे. १९८१ च्या ‘फीन्ड फोलिओ’ या राक्षसकोशात गिथयांकी नावाची एक जमात आहे. तिच्यातल्या लढवय्या-जादूगारांना गिश म्हणत, तिथून तो आला. ऐकायला तो शिवीसारखाच वाटतो, आणि पुष्कळदा वापरलाही तसाच जातो.

आक्षेप दोन प्रकारचे असतात. पहिला आकडेमोडीचा: एका फेरीत किती इजा करता, किती वार सोसता, याचा हिशेब मांडला की गिश मागे पडतो. हा आक्षेप पुष्कळदा खराही असतो आणि त्याच्याशी माझं भांडण नाही. दुसरा आक्षेप नैतिक आहे. तो सहसा हसत हसत टाकला जातो: ‘तुला सगळंच हवं ना?’ म्हणजे हाव. एका गोष्टीला वाहून घेण्याची तयारी नाही, म्हणून दोन्हीवर हात.

हे धादांत खोटं आहे. ज्याला सगळं हवं असतं तो सरळ जादूगार निवडतो. वरच्या लेव्हलचा जादूगार उडतो, अदृश्य होतो, काळ थांबवतो. २०१४ च्या नियमपुस्तकात जादूगाराला सतराव्या लेव्हलला नवव्या, म्हणजे सर्वोच्च पायरीचे मंत्र मिळतात. तलवारीबरोबर मंत्र शिकणारा ‘एल्ड्रिच नाइट’ एकोणिसाव्या लेव्हलला पोचतो तेव्हा कुठे त्याला चौथ्या पायरीचे मंत्र येतात. शेवटपर्यंत खेळलात तरी एवढंच. हे ठाऊक असून जो ते पात्र घेतो त्याने जास्त नव्हे, कमी मागितलेलं आहे. मग तो ते का घेतो? या प्रश्नाचं उत्तर आकडेमोड करणाऱ्यांकडे नाही, आणि त्यांनी ते शोधण्याचा प्रयत्नही केलेला दिसत नाही.

लढवय्या वेगळा आणि जादूगार वेगळा, ही विभागणी कुठून आली ते आधी पाहू. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ प्रसिद्ध केला. त्याच्या मागे होते पटावर सैन्यं मांडून खेळायचे युद्धखेळ. तिथे प्रत्येक सोंगटीचं काम ठरलेलं असतं: घोडदळ घोडदळाचं काम करतं, तोफखाना तोफखान्याचं. पहिल्या पुस्तकांत क्लास तीनच होते. जादूगाराला चिलखत नाही आणि खंजिरापलीकडे फारसं शस्त्र नाही. टेबलावर हे शहाणपणाचंच होतं. प्रत्येकाला काहीतरी असं हवं की जे दुसऱ्याला येत नाही, नाहीतर चौघांपैकी तिघं जांभया देत बसतील. म्हणजे ही कामाची वाटणी होती. माणसाचा स्वभाव असाच असतो, असं त्या पुस्तकांनी कुठेही म्हटलेलं नाही. तो सिद्धांत नंतरच्या भक्तांनी काढला.

बरं, त्याच पहिल्या पुस्तकात एल्फला सवलत होती: एका मोहिमेत लढवय्या, दुसऱ्या मोहिमेत जादूगार. १९८१ च्या बेसिक आवृत्तीत एल्फ एकाच वेळी दोन्ही झाला, पण त्यावर कर बसला. दुसऱ्या लेव्हलला जायला लढवय्याला अनुभवाचे २००० गुण लागत, जादूगाराला २५००, एल्फला ४०००. त्याआधी, १९७८ च्या ‘ॲडव्हान्स्ड’ नियमांत तर गंमतच आहे. दोन क्लास एकत्र वाढवण्याची मुभा एल्फ, अर्धएल्फ, बुटके यांना, माणसाला नाही. माणसाने फार तर जुना क्लास सोडून नवा धरायचा. आणि नव्यात जुन्याइतकी प्रगती होण्याआधी जुन्या क्लासचं कौशल्य वापरलं, तर त्या मोहिमेचे अनुभवाचे गुण शून्य.

हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा मी मोठ्याने हसले होते. मी पापनाशमची. तंजावर आणि कुंभकोणम यांच्यामधलं, कुडमुरुट्टी नदीकाठचं गाव. घरात तंजावरी मराठी, दाराबाहेर तमिळ, शाळेत इंग्रजी. नव्या वर्गात जुनी भाषा तोंडातून निसटली की त्या दिवसाचे गुण शून्य, हे मला नियमपुस्तकाने शिकवायची गरज नव्हती. पुढे नोकरीसाठी पुण्यात राहिले तेव्हा तोच नियम उलट्या बाजूने लागू झाला. माझ्या घरच्या मराठीवर लोक कौतुकाने हसत, ‘किती गोड बोलता’ म्हणत, आणि मग माझ्याशी हिंदीत बोलू लागत. हा लेख ज्या मराठीत आहे ती मी तिथे कमावली. घरी आजही ती बोलत नाही.

तर आता ते मूळ उत्तर. गिश निवडणाऱ्याला काय हवं असतं? त्याला हवा असतो तो क्षण, जेव्हा एका हाताने काय करायचं हे ठरवावं लागतं.

नियम साधा आहे. बहुतेक मंत्रांना हाताची खूण लागते, म्हणून एक हात मोकळा हवा. एका हातात तलवार, दुसऱ्यात ढाल असेल तर मंत्र कुठल्या हाताने टाकणार? निव्वळ जादूगाराला हा प्रश्न पडत नाही, त्याचे हात रिकामेच असतात. निव्वळ लढवय्यालाही पडत नाही, त्याचे हात भरलेलेच असतात. प्रश्न फक्त या तिसऱ्याचा आहे. दुसरा नियम एकाग्रतेचा. काही मंत्र मनात धरून ठेवावे लागतात, आणि अंगावर वार बसला की फासा टाकायचा. कमी पडला तर मंत्र सुटला. जादूगार म्हणून तर मागे उभा राहतो. गिश मात्र जिथे वार बसणारच तिथे, पहिल्या रांगेत, मनात मंत्र धरून उभा असतो. आमच्या टेबलावर एका मुलीचं पात्र अरुंद पुलावर अडकलं होतं. ढाल टाकली तर मित्राला झाकता येत नाही, नाही टाकली तर पूल कोसळण्याआधी मंत्र म्हणता येत नाही. ती चार-पाच मिनिटं काही बोललीच नाही. टेबल चिडीचूप. निव्वळ लढवय्याने अशी शांतता मला कधी दिली नाही.

महाभारत वाचलेल्या कुणालाही ही शांतता ओळखू येईल. कर्णाच्या रथाचं चाक भूमीत रुतलं आहे, आणि परशुरामाकडून शिकलेलं ब्रह्मास्त्र नेमकं आठवत नाही. हात चाकाला लावायचा की धनुष्याला, आणि तोंडाने काय म्हणायचं? अख्ख्या महाभारतात एकाग्रतेचा याहून भयंकर फासा पडलेला नाही. आपल्या भाषेत तर या दोन कौशल्यांसाठी शेजारी शेजारी शब्द आहेत. शस्त्र हातात धरायचं, अस्त्र मंत्राने सोडायचं. विश्वामित्र रामाला अस्त्रं देतो तेव्हा रामाच्या खांद्यावरचं धनुष्य उतरवून घेत नाही.

इथे मला आपल्याच बाजूच्या काहींशी भांडायचं आहे. हे ऐकलं की एक गट लगेच छाती फुगवतो: बघा, आमच्याकडे हे सगळं आधीपासून होतं, त्या परदेशी खेळांनी काय नवीन केलं! नवीन केलं, आणि काय केलं ते नीट ऐका. कर्णाला विसर का पडला? शाप होता म्हणून. शाप का होता? त्याने परशुरामाला आपली जात खोटी सांगितली म्हणून. खरी सांगितली असती तर विद्याच मिळाली नसती. एकलव्याने तर मंत्र मागितलाही नाही, नुसतं धनुष्य शिकला, तेही स्वतःच्या स्वतः, आणि त्याचा अंगठा गेला. शंबूकाने शस्त्र उचललं नव्हतं, तप केलं होतं. त्याचं डोकं गेलं. आणि ज्यांना दोन्ही मिळालं त्या परशुराम, द्रोण, अश्वत्थाम्याच्या हातात शस्त्र असणंही त्या ग्रंथाला नीट पचलेलं नाही. भीम द्रोणाला मरणाच्या आधी हेच सुनावतो की ब्राह्मण असून हा धंदा का केलास.

म्हणजे आपल्याकडे तलवार आणि मंत्र एकत्र येण्याची कल्पना होती, आणि त्याचबरोबर कुणी एकत्र आणायचं नाही याची यादीही होती. खेळातल्या क्लासला आणि आपल्या वर्णाला मी एकाच मापाने मोजत नाही. पण एक फरक टेबलावर दर आठवड्याला दिसतो. तिथे बसणाऱ्या मुलाला कुणी विचारत नाही की तू कुणाचा. तो म्हणतो, मला दोन्ही शिकायचं आहे. पुस्तक म्हणतं, शिक. वेळ जास्त लागेल, उंची कमी मिळेल. ही किंमत आहे. कर्णाच्या वाट्याला आली ती बंदी होती. किंमत आणि बंदी यांतला फरक ज्याला कळत नाही त्याने ‘आमच्याकडे आधीच होतं’ हे वाक्य उच्चारू नये.

विश्वामित्र मात्र अपवाद म्हणून मला फार आवडतो. क्षत्रिय राजा, ब्रह्मर्षी व्हायला निघाला. रंभेवर चिडून शाप दिला आणि साठवलेलं तप गेलं. जुन्या क्लासची सवय वापरली की नव्याचे गुण शून्य! १९७८ चा नियम जसाच्या तसा. फक्त विश्वामित्र पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो, आणि करतच राहतो.

किमतीबद्दल बोलते आहे तर माझ्या गावातूनच दोन गोष्टी सांगते. पापनाशमच्या रामलिंगस्वामी देवळात १०८ शिवलिंगं आहेत, मंडपात ओळीने मांडलेली. स्थळकथा अशी: खर-दूषणांना मारल्याचं पाप रामाच्या पाठीस लागलं, ते फेडायला त्याने इथे ही लिंगं स्थापली, गावाचं नाव त्यावरूनच. लहानपणी ओळीतून चालताना मी ती मोजायचे, आणि मध्येच आकडा चुकायचा. ज्याच्याकडे धनुष्य आणि अस्त्रं दोन्ही होती त्याला नंतर शांतपणे बसून एकशे आठ वेळा काहीतरी फेडावं लागलं, ही कल्पना मला कुठल्याही विजयगाथेपेक्षा खरी वाटते. (शंबूकासाठी एखादं लिंग आहे का, असं मी एकदा घरी विचारलं होतं. जेवण वाढून झालं, तरी उत्तर आलं नाही.)

दुसरी गोष्ट मेलट्टूरची. हे गाव पापनाशम तालुक्यातच आहे. नरसिंह जयंतीच्या सुमाराला तिथे देवळासमोर भागवत मेळा होतो. रात्रभर चालणारं तेलुगू संगीतनाटक, सगळी पात्रं पुरुषच करतात, आणि ‘प्रल्हाद चरित्रा’त शेवटी नरसिंहाचा मुखवटा येतो. हिरण्यकशिपूकडे नीट पाहा. जगातला सर्वांत तयारीचा नियमबाज तोच. माणसाकडून नाही, पशूकडून नाही. दिवसा नाही, रात्री नाही. घरात नाही, बाहेर नाही. जगाची त्याने स्वच्छ दोन-दोन खान्यांत वाटणी केली आणि वाटलं की आता आपण सुरक्षित. त्याला मारायला जे आलं ते दोन खान्यांच्या मधलं होतं. उंबरठ्यावर, संध्याकाळी, नखांनी. मेलट्टूरला मुखवटा घालणारा माणूस उपास करतो, त्या मुखवट्याची पूजा होते. भाराभर चिंध्या म्हणून त्याला कुणी हिणवल्याचं ऐकिवात नाही. आणि किंमत इथेही आहे: राक्षस मेला तरी नरसिंहाचा राग उतरेना, तो उतरवायला कुणीतरी लागलंच. कुंभकोणमजवळच्या तिरुभुवनमला शरभेश्वर आहे, सिंह आणि पक्षी यांच्या मिश्रणातून झालेलं शिवाचं रूप. शैव सांगतात, नरसिंहाला शांत केलं ते यानेच. मिश्रणाला आवरायला त्याहून मोठं मिश्रण!

आता तंजावरकडे वळते, कारण ही म्हण आमच्यावर फार जुनी वापरली गेली आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाला तंजावरचे भोसले म्हटलं की एक ओळ आठवते: शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी तिकडे गेले. पुढचं कुणाला नको असतं. कारण पुढे आहेत ते राजे लिहिणारे, गाणारे, ग्रंथ जमवणारे. व्यंकोजींचा मुलगा शहाजी १६८४ ते १७१२ गादीवर होता. त्याने राज्य केलं आणि नाटकं लिहिली, मराठीत लिहिली, तेलुगूत लिहिली, आणि पाच भाषा एकत्र वापरणारं ‘पंचभाषाविलास’ही लिहिलं. विष्णुदास भाव्यांनी सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केलं ते १८४३ साली. मराठी नाटकाचा इतिहास तिथूनच सुरू करण्याची सवय असलेल्यांना हा शहाजी अडचणीचा होतो: राजा म्हणून तो त्यांना पुरेसा तलवारीचा वाटत नाही, आणि नाटककार म्हणून पुरेसा मराठी वाटत नाही.

दुसरा सरफोजी (१७९८–१८३२) याची गोष्ट वेगळी आहे. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला, म्हणजे एक हात सक्तीने रिकामा झाला. त्या हाताने त्याने सरस्वती महाल वाढवला, छापखाना काढला, डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी ठेवल्या, आणि १८०३ साली बृहदीश्वराच्या भिंतीवर आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. चोळांच्या देवळाची भिंत, भोसल्यांची बखर, तमिळ मुलूख. त्या भिंतीपुढे मी अनेकदा उभी राहिले आहे. तिथे येणाऱ्या बहुतेकांना ती अक्षरं वाचता येत नाहीत, आणि ज्यांना येतात ते बहुधा तिथे येत नाहीत.

या नियतकालिकाच्या वाचकांनाही एक विचारते. तुम्ही चार-पाच भाषांतून वाचता, म्हणूनच हा अंक हातात धरला आहे. पण अंकाची मांडणी पाहा: मराठी विभाग इथे, तमिळ विभाग तिथे, प्रत्येकाला आपापला क्लास. संपादकांची अडचण मला समजते. पण माझ्या घरात जे बोललं जातं ते कुठल्या विभागात पाठवायचं? मी ते पाठवत नाही. धुऊन, इस्त्री करून, चिलखत उतरवून हे पाठवते.

शेवटचं भांडण नव्या नियम करणाऱ्यांशी. गिशवर अन्याय होतो हे त्यांना पटलं, आणि त्यांनी उपाय काढला तो असा की किंमतच काढून टाकली. २०१७ च्या एका पुस्तकात ‘हेक्सब्लेड’ आहे. ज्या एका गुणावर त्याचे मंत्र चालतात त्याच गुणावर तलवारही चालते. ताकद वाढवायला नको, चपळाई वाढवायला नको. एकाच आकड्यात सगळं. शिवाय हात भरलेले असताना मंत्र टाकता यावा म्हणून वेगळी सवलत विकत घेता येते, वार बसला तरी एकाग्रता टिकावी म्हणूनही येते. झालं, ‘हाव’ म्हणणाऱ्यांच्या हातात आपणच कोलीत दिलं. पुलावरची ती चार-पाच मिनिटं गेली. दोन्ही हात भरलेले आणि तरीही मोकळे, असं पात्र माझ्या ओळखीच्या कुठल्याही माणसासारखं वाटत नाही. दोन भाषा बोलणाऱ्या माणसासारखं तर मुळीच नाही. एक शब्द जिभेवर आला की दुसरा मागे सरतो, हे आम्हाला रोजचं आहे. शुद्धतावादी म्हणतो दोन्ही करू नकोस. हा नवा उदारमतवादी म्हणतो दोन्ही कर, काहीच सोडावं लागणार नाही. दोघांनाही त्या मधल्या हाताचा प्रश्न टाळायचा आहे.

आमच्या टेबलावर डंजन मास्टर मी असते. हेक्सब्लेड घेऊन आलेल्याला मी परत पाठवत नाही. पण २०१४ च्या नियमांत एक पळवाट आहे, बहुतेकांना ती माहीत असते: तलवार खाली टाकायला काही खर्च नाही, मंत्र म्हणायचा, आणि त्याच टर्नमध्ये वाकून ती पुन्हा उचलायची. ती वाट मी बंद केली आहे. तलवार टाकलीत तर ती तुमच्या पुढच्या टर्नपर्यंत जमिनीवरच राहते, आणि तोवर शत्रूंचे सगळे फासे पडलेले असतात.